फोनचा हिरडा

पुण्यात राहून इतकी वर्षं झाली, तरी मुळशीकडे माझं कधी जाणं झालं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी धरणाचं पाणी बघायला आणि काठावरच्या टपरीत भजी खायला लोक गाड्या काढून निघतात, त्यांतला मी नव्हे. मी मूळचा सोलापूरकडचा. मोकळं माळरान आणि लांबवर दिसणारं आभाळ यांची सवय, त्यामुळे डोंगर अंगावर आल्यासारखे वाटतात. आणि तरीही मुळशीच्या रानातल्या कितीतरी पहाटा मी ऐकलेल्या होत्या, कोथरूडजवळच्या एका खोलीत, कानाला हेडफोन लावून.

जीवशास्त्राच्या एका संशोधन संस्थेत मी माहिती सांभाळायचं काम करतो. संशोधक रानातून, ओढ्यातून, प्रयोगशाळेतून जे जे गोळा करून आणतात, म्हणजे मोजमापं, फोटो, आवाज, त्याला नीट नावं द्यायची, ते जागच्या जागी लावायचं, त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, आणि पुढे कधी कुणी मागितलं तर मागितल्याबरोबर काढून द्यायचं. काम कंटाळवाणं आहे असं लोकांना वाटतं. मला तसं कधी वाटलं नाही. आमच्या संस्थेत मूळ नोंद कधीही पुसायची नाही हा नियम आहे, तो मी लिहिलेला आहे, आणि नव्या विद्यार्थ्यांना तो मी जरा चढ्या आवाजातच सांगत असे.

गार्गी ही आमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. मुळशीतल्या माले गावाच्या वरच्या डोंगरात बंगले आणि प्लॉट वाढत चाललेत, तसतसे कोणते पक्षी, बेडूक, किडे गप्प होत जातात हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी तिने ठिकठिकाणच्या झाडांना आवाज टिपणाऱ्या पेट्या बांधल्या होत्या. पेटी जेवणाच्या डब्याएवढी. ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होते, आपोआप बंद होते. गार्गी दर महिन्याला त्यातली मेमरी कार्डं बदलून आणायची आणि माझ्या स्वाधीन करायची. या खेपेला शिडी धरायला तिच्याबरोबर येणारा सहकारी तापाने पडला. "सर, तुम्ही याल का? दोन दिवसांचं काम आहे," तिने विचारलं. मी लगेच हो म्हटलं. ज्याचे आवाज आपण इतके दिवस जपले ती जागा डोळ्यांनी बघायला मिळणार, याचा मला मनापासून आनंद झाला होता. ते आता लिहिताना अवघड वाटतं.

मालेच्या वर

पिरंगुटचं ट्रॅफिक आणि पौडचा बाजार मागे पडला की रस्ता एकदम मोकळा होतो. गौरी-गणपती उरकले होते. भात पोटरीला आलं होतं आणि बांधाबांधावर सोनकी फुलली होती, त्यामुळे शेतांना कुणी पिवळी किनार लावल्यासारखी दिसत होती. मधेच एखादी उंच भिंत, लोखंडी फाटक, प्लॉट विकणे आहे अशी पाटी, आणि भिंत संपली की पुन्हा भात. मालेहून आमची जीप कच्च्या रस्त्याने वर चढली. एका वळणावर खाली धरणाचं पाणी दिसलं, शिसाच्या रंगाचं, अगदी स्थिर. गार्गीने गाडी थांबवली नाही. तिने ते पुष्कळदा पाहिलेलं होतं.

आम्ही उतरलो ते अण्णांच्या घरी. अण्णा साठीचे, सडसडीत, डोक्यावर टोपी. वडिलोपार्जित शेतीतला एक तुकडा त्यांनी विकला होता आणि त्या पैशांतून घरामागे दोन खोल्या काढल्या होत्या, त्या ते शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने देत. त्यांतली एक गार्गीची, एक माझी. त्यांच्या पत्नी ताराबाई. गार्गी त्यांना काकू म्हणे, मी वहिनी म्हणू लागलो. त्या मला भाऊ म्हणाल्या.

दुपारच्या जेवणाला खेकड्याचा रस्सा होता. आमच्याकडे खेकडा कुणी खात नाही. मी कडक ज्वारीच्या भाकरीवर आणि शेंगांच्या चटणीवर वाढलेला माणूस. ताटातल्या त्या नांग्यांकडे बघून माझा चेहरा पडला असावा, कारण वहिनी उंबऱ्यावर बसून हसू लागल्या.

"चावून फोडा, भाऊ. दातानं. लाजू नका. हितं कोन बघतंय?"

मी चावलो, तर रस्सा शर्टावर उडाला. त्यांनी उठून ओला फडका दिला आणि नांगी कुठे दाबायची ते करून दाखवलं. आमच्या गावाकडे पाहुण्या पुरुषाच्या जेवणात घरातली बाई अशी समोर बसून थट्टा करणार नाही, वाढून आत जाईल. मला तो मोकळेपणा फार आवडला. रस्सा मी पुन्हा मागून घेतला, आणि तांदळाची भाकरी इतकी पातळ आणि मऊ होती की मी किती खाल्ल्या ते कळलं नाही. वहिनींचा आवाज मात्र मला सारखा ओळखीचा वाटत होता. जरासा घोगरा, शब्दाच्या शेवटी वर जाणारा. नात्यातल्या कुणासारखा असेल, म्हणून मी ते सोडून दिलं.

"मुलं काय करतात, अण्णा?" मी सहज विचारलं.

"पोरगा हाय. हिंजवडीला कंपनीच्या बसवर डायवर. तितंच ऱ्हातो."

"एकच?"

"एकच," अण्णा म्हणाले. वहिनी भाकरीची दुरडी घेऊन आत गेल्या. गार्गीने माझ्याकडे पाहिलं आणि विषय बदलून पावसाबद्दल काहीतरी विचारलं.

खिंडीत

दुपारनंतर आम्ही शिडी घेऊन कामाला लागलो. पहिली पेटी ओढ्याकाठी होती. तिथे जाताना बांधावरून माझा पाय घसरला आणि मी गुडघ्यापर्यंत भातात गेलो. पाय निघाला, बूट चिखलातच राहिला. तो काढायला गार्गीला हात घालावा लागला. ती हसली नाही, हे मी तिच्या नावावर जमा धरलं.

शेवटची पेटी खिंडीत, एका जुन्या हिरड्यावर होती. गार्गीच्या सगळ्या पेट्यांत ही सर्वांत चांगली. तिथे दोन्ही बाजूंच्या उतारांचे आवाज येऊन मिळत, आणि जातींची यादी सगळ्यात लांब याच झाडाची होती. आम्ही वर पोचलो तेव्हा झाडाखालच्या दगडावर एक तरुण बाई फोनवर बोलत बसलेली होती. आम्हाला पाहून तिने "नंतर करते" म्हटलं, पदर सारखा केला आणि खाली निघून गेली.

"इथे रेंज येते?" मी विचारलं.

"वाडीत कुठेच येत नाही. इथेच येते," गार्गी शिडी लावत म्हणाली. "लोक याला फोनचा हिरडा म्हणतात. कुणाला काही खासगी बोलायचं असलं की इकडे येतात."

मी वर पेटीकडे पाहिलं. पेटीवर आम्हीच चिकटवलेली चिठ्ठी होती: वन्यजीव अभ्यास, कृपया हात लावू नये. पेटी ऐकते आहे, असं तिच्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. परवानग्या सगळ्या होत्या. वन खात्याची होती, ग्रामपंचायतीची होती.

"काही हरकत नाही," मी म्हणालो, खरं तर स्वतःलाच. "शुद्ध प्रतीत माणसांचा आवाज राहत नाही. सॉफ्टवेअर तो कापून टाकतं."

"मूळ प्रतीत राहतो ना, सर."

"मूळ प्रत कुणी ऐकत नाही," मी म्हणालो.

जेवणानंतर

दिवेलागणीनंतर जेवणं झाली. पडवीत अण्णा पान लावत बसले होते, वहिनी दाराशी तांदूळ निवडत होत्या. मी लॅपटॉप उघडून दिवसभरातली कार्डं रिकामी करत होतो. अण्णा जवळ सरकले.

"ते खोकं नक्की काय ऐकतं ते आमाला बी ऐकवा की. गार्गीताई निसतं सांगत्यात, पाखरं, बेडकं."

मला हेच हवं होतं. आपलं काम कुणीतरी आपणहून विचारावं, असं रोज घडत नाही. खिंडीतली पावसाळ्यातली एक पहाट मला आठवत होती, बेडकांचा असा काही गजर होता की ऐकतच राहावं. मी ती शोधली. आमच्याकडे प्रत्येक नोंदीच्या नावात जागा, झाड, दिवस आणि वेळ असते, आणि सर्वांत शेवटी एक अक्षर, ही मूळ प्रत आहे की शुद्ध ते सांगणारं. ही पद्धत मीच बसवली होती. पडवीतल्या पिवळ्या उजेडात, चष्मा कपाळावर ठेवून, मी ते शेवटचं अक्षर वाचलं नाही.

आवाज मोठा केला. बेडूक सुरू झाले. अण्णा मान हलवत ऐकू लागले. "ह्यो डराव करतोय त्यो मोठा, चिकलातला," ते म्हणाले. मी खूश होतो. एक कुठलासा पक्षी दोनदा बोलला. आणि मग, अगदी जवळून, घोगरा, शब्दाच्या शेवटी वर जाणारा आवाज आला.

"व्हय गं, मने. बारसं घरच्या घरी करा. कुंची शिवलीया मी, तांबडी. धाडते कुनाच्या तरी हाती."

मग थोडा वेळ नुसते बेडूक.

"न्हाई, त्यास्नी न्हाई सांगितलं. काय सांगू? नाव काडलं की ताटावरनं उटत्यात."

पुन्हा बेडूक. मी बंद करायचं बटण शोधत होतो. कार्डं उतरत असल्यामुळे लॅपटॉप जड झाला होता, बाण पडद्यावर अडकून बसला होता, हलतच नव्हता.

"नाक ह्यांच्यावर गेलंय म्हनतीस? कसं सांगतीस गं, एवढंसं लेकरू ते." आणि मग हसण्याचा आवाज.

गार्गीने हात पुढे करून लॅपटॉपचं झाकणच मिटवलं. तरी एक-दोन क्षण तो आवाज आतून येत राहिला, मग थांबला.

वहिनींच्या हातातलं सूप मांडीवर तसंच होतं. अण्णांनी लावलेलं पान तबकात परत ठेवलं. ते उठले, चपला घातल्या आणि गोठ्याकडे गेले. वहिनी बसून राहिल्या. मग त्यांनी उरलेले तांदूळ निवडून पुरे केले, सूप भिंतीला टेकवलं आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

मी गार्गीला विचारलं, "कोण मनी?"

"मनीषा. त्यांची मुलगी," ती हळू आवाजात म्हणाली. "घोटावड्याकडच्या एका कारखान्यात परमुलखातला मुलगा होता, त्याच्याशी लग्न केलं. तेव्हापासून अण्णांनी तिचं नाव टाकलंय. बाळ झालंय हे मलाही माहीत नव्हतं."

अण्णांनाही माहीत नव्हतं. आपण आजोबा झालो हे त्यांना माझ्या लॅपटॉपवरून कळलं होतं.

खोलीत येऊन पडलो तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली, आणि मी उठून बसलो. तो आवाज मला दुपारपासून ओळखीचा का वाटत होता ते कळलं. काही दिवसांपूर्वी नव्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणात मी एक तुकडा वाजवला होता. एक बाई मोकळं हसते, इतकाच. रानाच्या नोंदीत कचरा म्हणून काय येतं त्याचं उदाहरण म्हणून. वर्ग हसला होता, मीही हसलो होतो. ते हसू वहिनींचं होतं.

सकाळ

उजाडताना पडवीत अण्णा आधीच बसलेले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"ते म्होरलं लावा."

"अण्णा, ते वहिनींचं बोलणं आहे. त्यांना विचारल्याशिवाय नको."

"माज्या पडवीत बसून मला सांगताय?" आवाज चढला नव्हता, पण मान वर झाली होती. काल सगळ्यांसमोर न विचारता लावलं तेव्हा हा विचार माझ्या मनात आला नव्हता, आणि ते त्यांनाही दिसत होतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्यात पोरीचा आवाज न्हाई का?"

"नाही, अण्णा. फोनमधला आवाज पेटीपर्यंत पोचत नाही. फक्त वहिनींचा आहे."

"अजिबात न्हाई?"

"नाही."

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. "मंग ऱ्हाऊ द्या," म्हणाले, आणि कोयता घेऊन शेताकडे निघाले.

वहिनी मागच्या अंगणात भांडी घासत होत्या. मी जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला साहेब म्हणून हाक मारली, तेव्हा ते मनाला लागलं.

"सायेब, ह्ये बोलनं तुमच्याकडं कवापास्नं हाय?"

"आषाढापासून."

"तुमाला ठावं व्हतं?"

"हे बोलणं मी ऐकलं नव्हतं. पण पेटीत माणसांचे आवाज येतात हे माहीत होतं."

"आमाला पाखरांचं म्हनून सांगितलंवतं." त्या तव्यावर राख घासत होत्या. "मी तितं रडलीया बी. त्ये बी हाय?"

"असेल."

"पुसा."

मी लॅपटॉप तिथेच आणला, पायरीवर बसलो आणि त्यांच्यासमोर खिंडीतल्या सगळ्या नोंदी पुसल्या. त्या वाकून बघत होत्या. पडदा रिकामा झाला.

"झालं?"

"झालं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि भांडी उचलून आत गेल्या. थोड्या वेळाने नाश्त्याला भाकरी आणि आदल्या दिवशीचा रस्सा आला. काल मला तो आवडला म्हणून माझ्यासाठी ठेवलेला. ताट समोर ठेवून त्या परत गेल्या, आज उंबऱ्यावर बसल्या नाहीत. मी घास तोडला. तो ताटात परत ठेवला. ताट झाकून ठेवलं आणि गोठ्यात त्या शेण भरत होत्या तिथे गेलो.

"वहिनी, झालेलं नाही."

त्या वळल्या.

"माझ्या लॅपटॉपमधलं गेलं. पण पुण्यात ऑफिसात एक प्रत आहे. आणि एक दुसऱ्या शहरात. आग लागली, यंत्र बिघडलं, तर हरवू नये म्हणून तशी ठेवतात."

"एका बोलन्याच्या इतक्या प्रती?"

"हरवू नये म्हणून."

"आमचं काय हरवलंवतं?" त्या म्हणाल्या.

गार्गी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. वहिनींनी शेणाची पाटी खाली ठेवली.

"आदी झालं म्हनलात."

"खोटं बोललो."

"मला वाचता येतं थोडंफार. पर त्यातलं मला काय कळनार, म्हनून म्हनलात."

"हो," मी म्हणालो. तसंच होतं.

"समदीकडचं पुसा. आताच्या आता."

"त्यासाठी फोन करावा लागेल."

"मंग चला खिंडीत."

आम्ही तिघं वर चढलो. वहिनी पुढे, चपला हातात घेऊन. वाटेत गार्गीने मला थांबवलं. सॉफ्टवेअर माणसांचे सगळे आवाज पकडतंच असं नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं. वहिनींचं मुलीशी झालेलं बोलणं तेवढं काढू म्हटलं, तरी त्या झाडाखाली आणखी किती जणांची किती बोलणी आहेत, ते ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि ऐकायचा तर आम्हाला हक्कच नव्हता. पुसायचं तर सगळं झाड पुसायला हवं होतं, शुद्ध प्रतींसकट. म्हणजे गार्गीची सर्वांत चांगली जागा, तिच्या प्रबंधाचं अर्धं प्रकरण.

"तुझं नुकसान होईल," मी म्हणालो.

ती पुन्हा चालू लागली. "जागा मी निवडली होती," ती म्हणाली. "रेंजचं मला माहीत होतं, सर. पुसा."

हिरड्याखाली उभं राहून मी ऑफिसात फोन लावला. रेंज येत-जात होती, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागत होतं. सहकाऱ्याने ऐकून घेतलं आणि फोन संचालक मॅडमकडे दिला. वहिनी त्याच दगडावर बसल्या होत्या. माझं बोलणं त्या ऐकत होत्या, आणि ऐकते आहे हे लपवतही नव्हत्या.

"मूळ नोंद पुसायची नाही हा नियम तुमचाच आहे ना?" मॅडम म्हणाल्या.

"हो, मॅडम. माझाच."

"मग?"

"माणसं बोलत होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी काल त्यातलं एक बोलणं घरातल्यांसमोर वाजवलं. चुकून. घरात फार वाईट झालं."

"तुम्ही वाजवलंत?"

"मीच."

माझ्या कपाळावरून घाम चष्म्यावर उतरत होता. वहिनींकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी पाहिलं. त्या खाली पाण्याकडे बघत होत्या. शेवटी मॅडम म्हणाल्या की संस्थेतली प्रत आज पुसायला सांगते, कारण लेखी कळवा, परत आल्यावर मला भेटा, आणि बाकीच्या झाडांच्या पेट्यांचाही विचार करावा लागेल. दुसऱ्या शहरातली प्रत आठवडाभरात जाईल, आजच्या आज जाणार नाही.

मी ते वहिनींना जसंच्या तसं सांगितलं.

"लागू दे आटवडा," त्या म्हणाल्या. "पर झालं की सांगा. न्हाई झालं तर न्हाई झालं म्हना."

पुढच्या आठवड्यात ते काम झालं आणि मी तसा फोन केला. दोन दिवस लागला नाही, तिसऱ्या दिवशी त्यांनी उचलला. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला. प्रशिक्षणात वाजवलेल्या त्या हसण्याचं मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही. तो तुकडा मी नंतर शोधून पुसला. पण वर्गातल्या मुलांनी तो ऐकला होता, आणि मी त्याला कचरा म्हटलं होतं, हे सांगायचं धाडस झालं नाही.

निघताना

त्या दिवशी खिंडीतून उतरून आम्ही बाकीच्या पेट्यांवर नवी चिठ्ठी लावली: ही पेटी आवाज टिपते. मोठ्या अक्षरांत, सगळ्यांना वाचता येईल अशी. त्यांतली एक पाणवठ्याजवळची होती, तिथे बायका बोलत बसतात म्हणून ती उतरवूनच ठेवली. खिंडीतली पेटी गार्गीने शेवटी ठेवली होती. मला वाटतं, तिला ते काम पुढे ढकलायचं होतं.

दुपारी जेवायला अण्णा आले नाहीत. वहिनींनी आम्हाला वाढलं, पोटभर, हात आखडता न घेता. त्यांच्या आणि अण्णांच्यात काय बोलणं झालं, किंवा झालं की नाही, ते मला कळलं नाही. सकाळी अण्णांनी मुलीच्या आवाजाबद्दल जे विचारलं होतं, ते वहिनींना सांगावं असं एकदा अगदी ओठांवर आलं. मग गप्प बसलो. एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत नेण्याचं काम माझ्या हातून पुरेसं झालं होतं. निघताना त्यांनी गार्गीच्या पिशवीत इंद्रायणीचे तांदूळ घातले. मला विचारलं, "तुमी न्हेता का?" मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही.

सामान जीपमध्ये टाकून आम्ही शिडी घेऊन खिंडीत गेलो. तिथे वहिनी आमच्या आधी पोचल्या होत्या. हातात फोन होता. त्या दगडावर बसल्या नव्हत्या, बाजूला उभ्या होत्या, आमचं काम होण्याची वाट बघत. मी वर चढलो. पट्टे सोडवले. वर्षभर एकाच जागी असल्यामुळे पेटीखाली सालीवर एक फिकट चौकोन उमटला होता आणि त्यात मुंग्या होत्या. पेटी खाली गार्गीच्या हातात दिली. तिने बटण दाबून ती बंद केली आणि बंद झाल्याचं वहिनींना दाखवलं.

"येतो, वहिनी," मी म्हणालो.

"या," त्या म्हणाल्या. साहेबही नाही, भाऊही नाही.

आम्ही उतरायला लागलो. मागे फोनचे आकडे दाबल्याचा बारीक आवाज आला आणि मी पाय उचलले. गार्गीला शिडीचं दुसरं टोक घेऊन माझ्यामागे जवळजवळ पळावं लागलं. वाट खाली वळते तिथे कारवीच्या झुडपांच्या कडेला अण्णा एका दगडावर बसलेले होते. टोपी गुडघ्यावर होती.

"वर हाय?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"फोनवर?"

"हो."

"काय बोलतीया?"

"मला माहीत नाही, अण्णा. ऐकू येण्याच्या आत आम्ही निघालो."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले. "जावा तुमी."

वळणावरून मी एकदा मागे पाहिलं. ते तिथेच बसलेले होते, खिंडीकडे तोंड करून. वर जात नव्हते आणि खालीही येत नव्हते. मग कारवी आडवी आली. त्यानंतर गार्गी दोनदा मालेला जाऊन आली आहे. अण्णांकडेच उतरते. मी तिला काही विचारलेलं नाही, आणि तीही आपणहून काही सांगत नाही.